52 कोटींचं केळं

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या नाक्यावर पेपर सकाळी एकत्र कुटुंबासारखा येतो आणि दहाच्या आत त्याच्या वाटण्या होतात. खेळाचं पान टपरीवर, सिनेमाचं सलूनमध्ये, आणि पहिलं पान किन्हवलीच्या गाडीची वाट बघणाऱ्याच्या हातात. त्यामुळे अख्खी बातमी कुणालाच मिळत नाही. ‘उर्वरित पान 6 वर’ असं असलं, तर उर्वरित भाग ज्याचा त्याने आपल्या अकलेने पुरा करायचा. माझ्या मते तो भाग छापलेल्यापेक्षा बरा असतो.

2024 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात एक केळं विकलं गेलं. मॉरिझिओ कॅटेलान नावाच्या इटालियन कलावंताने ते चिकटपट्टीने भिंतीला लावलेलं. किंमत 62 लाख डॉलर, म्हणजे आपले साधारण 52 कोटी. घेणारा क्रिप्टोतला श्रीमंत माणूस. त्याने थोड्याच दिवसांत हाँगकाँगला पत्रकारांसमोर ते सोलून खाल्लं. हे मोठ्याने वाचून झाल्यावर टपरीवर क्षणभर शांतता. मग एकाने विचारलं, “वेलची होतं का?”

हसणं ओसरल्यावर बुवांनी खरा प्रश्न काढला. हे आमचे बुवा पखवाज वाजवतात, त्यामुळे सम कुठे आहे ते त्यांना बरोबर कळतं. “आणि केळीवाल्याला काय मिळालं?” बातमीत तेही होतं. रस्त्यावरच्या एका बांगलादेशी फळवाल्याकडून ते केळं 35 सेंटला घेतलेलं. म्हणजे तीसेक रुपये. झालं! कला, लिलाव, क्रिप्टो सगळं बाजूला पडलं आणि नाका त्या फळवाल्याच्या बाजूने उभा राहिला. “वाशीला पण असंच,” कोणीतरी म्हणालं, आणि न्यूयॉर्कचा विषय वाशी मार्केटवर येऊन टेकला.

नाका माल विकणाऱ्याच्या बाजूने जातो, याला कारण आहे. शहापूर-मुरबाडकडची भेंडी विमानाने परदेशात जाते. जिथे उन्हाळ्यात पाण्याची सोय आहे तिथे लोक ती मन लावून करतात. पहाटे तोडायची, मग निवडायची: सरळ, कोवळी, एका मापाची, डाग नसलेली. वाकडी निघाली ती आपल्या कालवणात. टीव्हीवर आखातातलं युद्ध सुरू झालं की निवेदक नकाशावर बाण काढतो, निवृत्त जनरल बोलतात, सलूनमध्ये कोणाची चूक यावर वस्तरा हवेत थांबतो. भेंडीवाला मात्र दारातूनच विचारतो, “विमानं चालू हायत का?” त्याच्यापुरतं परराष्ट्र धोरण तेवढंच. मला तो त्या सगळ्या जनरलांपेक्षा मुद्द्याचा माणूस वाटतो.

बातमी जितकी लांबची तितका आवाज मोठा, हे मी नाक्यावर नेहमी बघतो. सुएझ कालव्यात 2021 च्या मार्चमध्ये 400 मीटरचं जहाज आडवं होऊन सहा दिवस अडकलं, तेव्हा घाटात बंद पडलेले ट्रक ज्यांनी पाहिलेत त्या सर्वांनी ते काढायची रीत सांगितली. फोटोत त्या जहाजाच्या नाकाशी एवढासा जेसीबी माती उकरताना दिसला, आणि आपलं यंत्र तिथेही पोचलंय याचं समाधान झालं. पण 2022 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला तो आपल्याच तालुक्यात, वेहळोलीला. शंभरेक कोंबड्या मेल्या आणि आजूबाजूच्या 25 हजार मारायचं ठरलं. ती बातमी कोणी मोठ्याने वाचली नाही. पान हातोहात फिरलं, आणि पाहुण्यांचं जेवण ठरलेल्या घरातून मटणाचा भाव हळूच विचारला गेला.

चांगल्या बातमीचंही तसंच. मुरबाड तालुक्यात फांगण्याला 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन अआइई गिरवायला बसल्या, आणि परदेशातले कॅमेरे गाव शोधत आले. जगाने साक्षरतेचं कौतुक केलं. एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीला मी फोटो दाखवला, तर तिने तो लांब धरून निरखला आणि म्हणाली, “लुगडी सगळ्यांना सारखीच दिली, ते बरं केलं.”

आता पाण्याचं. पेपरात रोज सात तलावांची चौकट असते, त्यात आमचे तानसा आणि भातसा. मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचं. तानसा 1892 पासून मुंबईला पाजतोय. ‘तानसा भरून वाहू लागला’ हे वाचून दादरला कोणी सुटकेचा नि:श्वास टाकत असेल; इथे म्हणतात, “चला, मुंबईचं भागलं.” कारण चैत्र-वैशाखात याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर फिरतो. टँकर आपलं पाणी विहिरीत सोडतो, काठावर गर्दी होते, दोऱ्या एकमेकींत अडकतात, आणि वरून पडलेलं गढूळ पाणी निवळायच्या आधीच बादलीत वर येतं.

2018 ला केपटाऊनचे नळ बंद व्हायची वेळ आली होती. जगभर हळहळ झाली. माणशी दिवसाला फक्त 50 लिटर पाणी वापरायचं, असा तिथे नियम निघाला. ही बातमी मी शेजारच्या काकींना वाचून दाखवली, जरा दु:खी आवाजातच.

“माणशी?” काकी म्हणाल्या.

“हो.”

“पोरंसोरं धरून?”

“सगळ्यांना धरून. आणि जास्त वापरणाऱ्याला दंड.”

काकींनी तांदूळ पाखडणं थांबवलं. “दंड लावत्यात म्हंजे जास्त वापरायला असतंय की त्यांच्याकडं!”