बलरामदादाची सही

वाघोलीत लग्नाच्या बाजारात मुलापेक्षा फ्लॅटला भाव जास्त आहे. पटत नसेल तर कुठलाही बायोडेटा उघडून बघा. वर गणपती, खाली कुलस्वामिनी, मग नाव, उंची, रास, नाडी, देवक, आजोळ, मामांची गावं, आणि शेवटच्या ओळीत ज्यासाठी हा सगळा कागद काळा केला तो मजकूर : 'पुण्यात स्वतःचा टू बीएचके'. पूर्वी मुलीकडचा एखादा चिकित्सक काका विचारायचा, "वाघोली म्हणजे पुण्यात कुठं?" मग मुलाकडच्यांना नगर रोडचा भूगोल समजावून सांगावा लागे. जून २०२१ मध्ये सरकारनं वाघोलीसह तेवीस गावं महापालिकेत घातली आणि इथल्या उपवर मुलांची मोठीच अडचण दूर केली. टँकर अजून येतात, पण ते बायोडेटात लिहायचं नसतं.

आमच्या वरच्या मजल्यावर दिवाळीपासून असे बायोडेटे येऊ लागले. घर मूळचं शिरूरकडचं. मुलगी इंजिनिअर, खराडीला नोकरी. वडील मितभाषी, कारभार थोरल्या भावाकडे. घरातले त्याला दादा म्हणतात, म्हणून सोसायटीही म्हणते. आलेलं स्थळ दादा आधी स्वतः तपासणार. जमीन किती, बागायत का जिरायत, वाटण्या झाल्यात का, पै-पाहुणे कोण. एवढ्यातून जे पास होईल ते बहिणीच्या मोबाइलवर जाणार. तिनं सुरुवातीला पुढच्या शिक्षणाचं कारण दिलं, मग बढतीचं, आणि मग एका मुलाच्या मिशा आवडल्या नाहीत म्हणून सांगितलं. मिशांपाशी गाडी आली तेव्हा आईच्या लक्षात आलं. आयांच्या हे लक्षात लवकर येतं. त्या बोलतात मात्र सावकाश. तिनं कुठूनशी 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पोथी आणली आणि मुलीला म्हणाली, "रोज थोडं वाचत जा. चांगलं स्थळ येतं."

हा उपाय आपल्याकडे फार जुना. एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीत हा ग्रंथ पुरा केला. अठरा प्रसंग आहेत. लग्न जमत नसलेल्या मुलीनं त्याचं पारायण करावं असं पिढ्यानपिढ्या सांगत आले. पारायणात अर्थाकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून हे सगळं इतकी शतकं सुरळीत चाललं. पण ही पोर दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेलं काळजीपूर्वक वाचण्याचाच पगार घेते. ती चार दिवसांनी लिफ्टपाशी भेटली.

"काका, आईनं हे स्वतः वाचलंय का हो?"

"का गं?"

"यातली मुलगी भावानं ठरवलेलं लग्न मोडून पळून जाते."

आता यावर मी काय बोलणार? जाते हे खरंच आहे. विदर्भातल्या कौंडिण्यपुरात भीष्मक राजाच्या मनात कृष्ण होता, पण थोरल्या मुलानं, रुक्मीनं, शिशुपाल ठरवून टाकला. म्हणजे तिथंही वडील मितभाषी आणि कारभार दादाकडे. रुक्मिणीनं कृष्णाला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. लोकांच्या तोंडून गुण ऐकले तेवढेच. तरी तिनं एका ब्राह्मणाबरोबर द्वारकेला निरोप धाडला, आणि तो निरोप वाचण्यासारखा आहे. 'मी मनानं तुझी आहे' असं सांगून ती रडत बसली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नवरीला गावाबाहेर देवीच्या दर्शनाला नेतात, तू तिथं ये, म्हणजे राजवाड्यात घुसून माझ्या माणसांना मारायला नको, असं तिनं नीट कळवलं. ठिकाण, वेळ, कारण, सगळं. कृष्णानं फक्त रथ आणला. हरण म्हणतात ते त्याच्या नावावर लागलं, आखणी सगळी बाईंची.

(आमच्याकडे वाघेश्वराच्या दर्शनाला सोमवार सोमवार जाणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. मंदिर जुनं, शेजारी तळं, संध्याकाळी वारा छान. मी यापुढे काही बोलत नाही.)

पण मला रुक्मिणीइतकाच रस आहे तो बलरामात. धाकटा भाऊ एकटाच कौंडिण्यपुराकडे गेलाय हे कळल्यावर भागवतातला बलराम सैन्य घेऊन पाठोपाठ निघतो. शिशुपालाच्या बाजूच्या राजांशी लढतो. कृष्ण चिडून रुक्मीच्या दाढीमिशा आणि केस वेडेवाकडे भादरतो तेव्हा 'सोयऱ्याची अशी विटंबना करू नये' म्हणून त्यालाच चार शब्द सुनावतो. काय उमदा माणूस! प्रेमविवाहाला असा पाठीराखा मिळावा. पुढे त्याच बलरामाची सख्खी बहीण सुभद्रा लग्नाला येते. तिच्या मनात अर्जुन. आणि दादा म्हणतो, दुर्योधनाला द्यायची. दुर्योधन! स्थावर-जंगम उत्तम, घराणं नामांकित, हस्तिनापुरात स्वतःचा वाडा. बायोडेटा म्हणून बघितलात तर दादाचं काही चुकलं नाही. शेवटी सुभद्राही अर्जुनाच्या रथात बसून गेली आणि बलराम खवळला. परक्याची बहीण आणताना ज्याचं सैन्य आधी सज्ज झालं, तोच.

अण्णासाहेब किर्लोस्करांना यात नाटक दिसलं. 'संगीत सौभद्र' १८८२ साली पुण्यातच रंगमंचावर आलं. संन्याशाच्या वेशातला अर्जुन घरात, बलरामदादा भक्तिभावानं त्याच्या सेवेला बहिणीलाच लावतोय, आणि प्रेक्षक खूश. पदांना वन्समोअर. आजतागायत मराठी माणूस त्या नाटकात सुभद्रेच्या बाजूनं असतो. दुर्योधनाचं व्हावं असं म्हणणारा प्रेक्षक मला अजून भेटायचाय.

आणि याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं या बाईंनी सांगितलं. त्यांचं दुसऱ्या कुणावर मन होतं असं नाही; हा माणूस मी पत्करलेला नाही, एवढंच म्हणणं. १८८४ साली नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये न्यायालयानं हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. रंगमंचावरच्या सुभद्रेला डोक्यावर घेणाऱ्या पुण्यात तेव्हा 'केसरी' रखमाबाईंवर तुटून पडत होता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये मोजून नवऱ्याशी तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. बलराम एका घरात असतो असं नाही. सबंध शहरच्या शहर बलराम होऊ शकतं.

हल्ली तर गंमत याच्याही पुढे गेलीय. आमच्याकडे नगर रोडला लॉन्सची रांग लागली आहे आणि दाट तिथीला तिथलं प्रत्येक लग्न वरकरणी ठरवून केलेलं असतं. कांदेपोहे होतात, बैठक होते, याद्या होतात, साखरपुडा होतो. फक्त मुलगा-मुलगी एकमेकांना आधीच चार वर्षं ओळखत असतात. घरच्यांनी एकदा मान तुकवली की बायोडेटे मागाहून बनतात आणि दोन्हीकडचे मामा 'योग जुळून आला' असं गंभीरपणे सांगतात. मला यात काही वावगं वाटत नाही. मोठ्यांना मान द्यायचा असेल तर तोही एक रस्ता झाला. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि एक वाजून गेला तरी माइकवाला 'अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे' असं पुकारतच असतो. नवरी अंतरपाटामागे हार सावरत उभी. स्वतःच्या लग्नात तिला बोलायला मिळत नाही, पण साहेबांचे शुभाशीर्वाद दोन मिनिटांचे पंधरा होतात. त्यात जात एक असली की सगळं रीतसर. नसली की मात्र दादा पुढे होतो.

वरच्या मजल्यावर नेमकं तेच झालं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, निर्व्यसनी, वाघोलीतच हप्त्यावर घेतलेला टू बीएचके. दादाच्या यादीतल्या सगळ्या अटींत बसणारा, एक ओळ सोडून. तीन रात्री आवाज खालपर्यंत आले. "चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस तू." यावर बहिणीनं जे विचारलं ते जिन्यातल्या आम्हा सर्वांना स्वच्छ ऐकू आलं : "दादा, मग आळंदीला तू कशाला गेला होतास?"

गोष्ट सोसायटीला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी दादाच्या जिवलग मित्राचं असंच, जातीबाहेरचं. दादानं रात्रीत गाडी काढली, लोहगावमार्गे आळंदी गाठली, गुरुजी शोधले, हार आणले, मामा म्हणून मुलीच्या पाठीशी उभा राहिला आणि कागदावर साक्षीदाराची सहीसुद्धा ठोकली. आजही मित्रांत बसला की तो हा प्रसंग रंगवून सांगतो. त्या मुलीच्या भावाला तो त्या गोष्टीत 'अडाणी' म्हणतो.

तीन रात्रींनंतर घर गप्प झालं. वडील पहिल्यांदा बोलले, तेही एकच वाक्य : "मुलगा एकदा घरी तर येऊ दे." मुलगा आला. पोहे आईनं केले. दादा कामाचं निमित्त काढून बाहेर गेला आणि पोहे संपायच्या आत परत आला.

मुलीनं पळून जायचं नाही असं ठरवलंय. तिनं आणि त्यानं विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली आहे. १९५४ चा हा कायदा. नोटीस तीस दिवस कार्यालयात लावतात, मग लग्न, आणि लग्नाला साक्षीदार तीन लागतात. प्रौढ मुलामुलीनं परस्पर संमतीनं लग्न करायचं म्हटलं तर घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे. पण परवानगी न लागणं वेगळं आणि दादा नसणं वेगळं. दोन साक्षीदार ऑफिसातले ठरलेत. तिसरी जागा तिनं मोकळी ठेवली आहे.

भागवतात असं आहे की कृष्णानं समजूत घातल्यावर बलरामाचा राग उतरला आणि त्यानं सुभद्रेला हत्ती, घोडे, रथ असा भरघोस आहेर धाडला. तेव्हा दादा, तुलाच सांगतो. हत्ती राहू दे, आपल्या पार्किंगमध्ये मावणार नाही. तीस दिवस भरत आले आहेत. आधारकार्डाची झेरॉक्स काढून ठेव, आणि सही कर. तुला सवय आहे.