अंगठा महोदयांस सविनय

प्रति,
मा. उजवा अंगठा महोदय,
मु. पो. नाशिक (मोबाईल असेल तेथे)

विषय : रोज संध्याकाळी दीड तासाची रजा घेण्याबाबत.
संदर्भ : काल रात्री पावणेएक वाजता ‘ही शेवटचीच’ म्हणून पाहिलेली रील, आणि तिच्यानंतरच्या एकोणीस.

महोदय,

मराठी मुलखात अंगठ्याला इतका मान यापूर्वी कधी मिळाला नव्हता, हे प्रारंभीच नमूद करणे उचित ठरेल. सावकाराच्या वहीत आणि महसुली कागदांवर अंगठा उमटे तो ज्याला लिहिता येत नसे त्याचा. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला जाई, आणि माणसाला अंगठ्यापासून सोडवून सहीपर्यंत नेणे हे साक्षरतेच्या साऱ्या खटाटोपाचे उद्दिष्ट होते. ज्या नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले आणि जेथे ‘सावाना’ हे त्याचे लाडके नाव अजून घरोघरी घेतले जाते, त्या शहरात महोदयांनी ही वाटचाल अवघ्या काही वर्षांत उलटी फिरवून दाखवली. पदवीधर, वकील आणि प्राध्यापक स्वखुशीने अंगठेबहाद्दर झाले. फरक इतकाच की, निरक्षराचा अंगठा कागदावर एकदाच उमटत असे आणि त्याबदल्यात त्याच्या पदरात निदान कर्ज तरी पडत असे.

महोदयांच्या या कार्याला व्यवहारात ‘स्क्रोल करणे’ म्हणतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर खालून वर सरकवत राहणे. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपत असे, तळाशी ‘पुढील पान’ असे बटण असे आणि ते दाबण्यापूर्वी वाचणाऱ्याला क्षणभर थांबावे लागे. त्या क्षणात चहा आठवे, चुलीवरचे दूध आठवे, क्वचित अभ्यासही आठवे. २००६ साली एझा रॅस्किन या अमेरिकी रचनाकाराने पान संपूच न देणारी ‘अखंड सरक’ योजली, ज्यात तळ जवळ येताच नवा मजकूर आपोआप जोडला जातो. पुढे त्याने स्वतःच या कल्पनेबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ज्या गावात आरतीला कर्पूरगौरं असते, कीर्तनाला हेचि दान असते आणि सिंहस्थालादेखील ध्वज उतरवण्याचा मुहूर्त असतो, तेथे शेवट नसलेली ही एकच गोष्ट आली आणि तिचे पौरोहित्य महोदयांकडे गेले.

या पौरोहित्यामागचे शास्त्र महोदयांच्या कानी घालणे आवश्यक आहे, जरी त्यातील नातेसंबंध त्यांना फारसे रुचणार नाहीत. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ठरावीक टोचांनंतर दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन थोडे विसावते. परंतु दाणा कधी तिसऱ्या टोचेला, कधी तिसाव्या टोचेला असा अवचित मिळू लागला, तर ते न थकता टोचत राहते, आणि दाणे पुरते बंद केल्यावरही त्याची सवय सर्वांत उशिरा सुटते. बक्षीस मिळणार हे ठाऊक, पण केव्हा ते ठाऊक नाही, अशा या पद्धतीला ‘अनियत प्रबलन’ म्हणतात. नऊ रील रटाळ निघतात, दहावीवर हसू येते आणि त्या हसण्याच्या आशेवर पुढच्या तीस सरकवल्या जातात, ही सारी किमया त्याच पद्धतीची होय. तेव्हा महोदयांनी स्वतःला तंत्रज्ञानाचे स्वामी समजण्यापूर्वी एकदा त्या कबुतराची विचारपूस करावी, हे बरे.

दाणा कोण टाकतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. माहितीचा सुकाळ झाला की ती माहिती ज्यावर पोसली जाते त्या अवधानाचा, म्हणजे लक्ष देण्याच्या क्षमतेचा, दुष्काळ पडतो, असे प्रतिपादन हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली केले. त्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समाजमाध्यमांच्या कंपन्या हेच दुर्मीळ अवधान गोळा करून जाहिरातदारांना विकतात, आणि या व्यवसायात कच्चा माल खणून काढणारा मजूर म्हणजे प्रस्तुत पत्राचे सन्माननीय प्राप्तकर्ते होत. त्यांना रोजंदारी नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, भविष्य निर्वाह निधीही नाही; सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींच्या शहरात इतक्या बिनतक्रार कामगाराची नोंद कोठेही नसावी, ही खेदाची बाब आहे.

महोदयांची बेकारी फार काळ टिकत नाही, याचाही पुरावा उपलब्ध आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट जवळपास फुकट झाले आणि खेड्यापाड्यांतील अंगठे कामाला लागले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा आता घरात शांतता नांदेल असे अनेक पालकांना वाटले. परंतु ८ जुलै रोजी इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. म्हणजे दुकान बदलून तोच माल पुन्हा मांडला जाण्यास जेमतेम नऊ दिवस लागले. एक अ‍ॅप काढून टाकल्याने सवय सुटते या समजुतीचे मोजमाप करावयाचे असल्यास ते नऊ दिवस इतके भरते.

महोदयांच्या दैनंदिन सेवेचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. गंगापूर रस्त्याकडच्या एखाद्या मळ्यात रविवारी सकाळी मिसळ येते. ताटात वाफाळता काळा रस्सा, वर लाल तर्री, शेव, बाजूला दही, कांदा, लिंबू, पाव आणि पापड असा सरंजाम असतो. पूर्वी अशा वेळी पहिला हात पापडाकडे जात असे. आता प्रथम ताट उजेडाकडे फिरवले जाते, वाटी अर्धा बोट सरकवली जाते, तर्री ओतण्याची क्रिया एकदा नीट न टिपल्यामुळे दुसऱ्यांदा केली जाते, आणि छायाचित्राला नाव सुचेपर्यंत शेव रश्शात भिजून बसते, पापड वाफेने मऊ पडतो. चार माणसांची मिसळ चार पडद्यांवर पोहोचते. कोणी ‘वा, काय दिसतेय’ असे लिहितो, आणि लिहिणारा बहुधा त्याच टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो.

या उद्योगाला आवर घालण्याचे वैयक्तिक उपायही रूढ झाले आहेत, आणि त्यांविषयी महोदयांनी चिंता करण्याचे काहीच कारण नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी अ‍ॅप काढून टाकले जाते आणि संक्रांतीच्या शुभेच्छा पाठवण्याच्या सबबीखाली ते परत घेतले जाते. ‘डिजिटल उपवास’, म्हणजे ठरावीक काळ पडद्यापासून दूर राहण्याचे व्रत, धरल्याची घोषणा समाजमाध्यमावरच होते आणि तिला किती जणांनी पसंती दिली हे पाहण्यासाठी व्रतस्थ मनुष्य दर दहा मिनिटांनी डोकावतो; एकादशी आणि दुप्पट खाशी या म्हणीला इतका नेमका अर्थ क्वचितच लाभला असेल. मोबाईलमध्येच वेळमर्यादा घालण्याची सोयही २०१८ पासून मिळू लागली आहे. मर्यादा संपताच पडद्यावर सूचना येते आणि तिच्याच शेजारी ती सूचना डावलण्याचे बटण असते. दारूच्या दुकानावर दारूबंदीची पाटी टांगून पाटीमागे खिडकी उघडी ठेवावी, तसा हा बंदोबस्त आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सवय, अतिवापर आणि व्यसन हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने येत असले, तरी वैद्यकात ते एक नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, डिजिटल खेळांच्या विकाराला स्थान आहे. समाजमाध्यमांच्या वापरासाठी तसा स्वतंत्र विकार त्यात नोंदलेला नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने मात्र तंत्रज्ञानाच्या अतिवापराने झोप, शिक्षण किंवा नाती बिघडलेल्यांसाठी २०१४ मध्येच स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले, यावरून काहींचा त्रास उपदेशाने भागणारा नसून उपचाराची अपेक्षा करणारा असतो, हे लक्षात यावे. ज्यांचे तसे नाही, परंतु जेवताना, प्रवासात आणि अंथरुणात हात आपोआप मोबाईलकडे जातो, अशा बहुसंख्यांना उद्देशून हे पत्र आहे.

या बहुसंख्यांची अडचण निर्धार कमी पडण्याची आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. नाशिकच्या गोदाघाटावरील दुतोंड्या मारुती या मताला पाठिंबा देत नाही. दोन्ही दिशांना तोंड असलेली ही उंच मूर्ती गावाची पूरमापक पट्टी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की क्युसेकचे आकडे वर्तमानपत्रात येतात, पण शहर विचारते ते पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, कमरेवरून छातीला चढले की काय एवढेच, आणि त्या उत्तरावर सराफ बाजार व भांडी बाजारातील दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवतात. मोबाईलही रोजच्या वापराचे तास आणि मिनिटे अचूक सांगतो. तरीही त्या आकड्यावरून कोणी काही हलवत नाही, कारण तो आकडा सेटिंगच्या कोपऱ्यात, एकट्यालाच दिसेल असा ठेवलेला असतो. मारुती उघड्या घाटावर उभा आहे, आणि त्याच्या कमरेला पाणी लागल्याचे दिसते तेव्हा ते शेजाऱ्यालाही दिसते. जो पूर प्रत्येक घरात वेगळा चढतो आणि ज्याचे मोजमाप प्रत्येक जण आपापल्या खिशात लपवतो, त्याच्यासाठी सराफ बाजार कधी रिकामा होणार नाही.

आवर एकट्याने नव्हे, सर्वांदेखत घालायचा, हे तत्त्व सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये अमलात आणले. करोनाच्या काळात शिकण्यासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठराव केला की, रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद राहतील. सरपंच विजय मोहिते यांच्या या कल्पनेला आरंभी हसणारेही होते. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडी व आशा सेविका आणि शिक्षक घरोघर फिरले, महिलांनी ती उचलून धरली, आणि मुले त्या वेळात अभ्यासाला बसू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही ठरावांमागची चिंता एकच असली, तरी वडगावचा विशेष असा की, तेथे भोंगा मुलांइतकाच बापासाठीही वाजला. ज्या घरात वडील रील पाहत मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणतात, त्या घरात मूल अभ्यासापेक्षा वडिलांचेच अनुकरण अधिक मन लावून करते.

शहरात भोंगा चालणार नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. लाखोंच्या वस्तीत कोणाचा भोंगा कोणी ऐकावा, यावरूनच पहिला वाद उभा राहील. परंतु नाशिकला भोंगा आयात करण्याची गरज नाही, कारण बंद ठेवण्याची कला या शहराच्या रस्त्यांखालीच पुरलेली आहे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे रंगपंचमीसाठी बांधलेला दगडी हौद, माणूस बुडेल इतका खोल. शनि चौकातली किंवा तिवंधा चौकातली रहाड रंगपंचमीपूर्वी उघडतात, साफ करतात, पूजा करून पाण्याने भरतात आणि तिच्या ठरलेल्या रंगाने रंगवतात. मग तरुण काठावरून तिच्यात उडी घेतात, ज्याला नाशिककर ‘धप्पा’ म्हणतात. त्या दिवशी संयमाचा उपदेश कोणी कोणाला करीत नाही, आणि करू नये. सण संपला की हौद रिता होतो, त्यावर फळ्या आणि माती पडते आणि वर्षभर वरून दुचाकी, हातगाड्या व वराती जातात. उरलेल्या दिवसांत रहाड उघडी राहिली असती, तर तिला सण म्हटले गेले नसते. खड्डा म्हटले गेले असते आणि महापालिकेकडे तक्रारी गेल्या असत्या.

समाजमाध्यमाविषयी महोदयांपुढे ठेवावयाचे म्हणणे एवढेच आहे. त्यातला रंग खोटा नाही: परदेशी गेलेल्या लेकीचा चेहरा त्यात दिसतो, द्राक्षाचा भाव त्यात कळतो, विनोदही कधीमधी खरोखर चांगला असतो. रहाड उघडी राहिली आहे आणि तिच्यावर फळी टाकणारे कोणी नाही, हा दोष आहे. आणि दगडी हौदावरची जड फळी एकट्याने उचलली जात नाही, तिला चौकातली चार माणसे लागतात. म्हणून या पत्राद्वारे महोदयांना विनंती करण्यात येते की, घरातील सर्व अंगठ्यांनी एकाच वेळी, ७ ते साडेआठ, रजेवर जावे. मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर, म्हणजे सर्वांना दिसेल पण कोणाच्या हाताला लागणार नाही अशा जागी, एका रांगेत ठेवावेत. आणि रांगेतून पहिला मोबाईल कोणी उचलला, हे साऱ्या घराने पाहावे. हे चार घरांत जमले, तर सोसायटीच्या जिन्यात त्याची चर्चा होईल, आणि चर्चा झाली की मारुती चौकात उभा राहिला असे समजावे.

रजेच्या काळात महोदयांना काम उरणार नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पुस्तकाचे पान धरून ठेवणे, लसूण सोलणे, पेन पकडणे आणि पावाचा तुकडा मोडून रश्शात बुडवणे ही अंगठ्याची जुनी कामे अद्याप कोणी बंद केलेली नाहीत. पापड गरम असतानाच मोडला, तर त्याचा आवाजही ऐकू येतो.

कळावे, लोभ कमी व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
त्याच हाताची उरलेली चार बोटे