कोच बोलतो किती?

ब्राह्मणपुरीच्या पपईवाल्या शेतकऱ्याला बिझनेस कोच हवा का? हवा की! फक्त त्या कोचने आधी गप्प बसायला शिकावं.

कोचिंगचा पहिला नियमच तो आहे. उत्तर समोरच्याकडे असतं. आपण विचारायचं आणि ऐकायचं. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकाने गाजवलेल्या चार पायऱ्या बघा. तुला काय हवंय? आज कुठे आहेस? वाटा कोणत्या? करणार काय, केव्हा? चारही प्रश्नच.

मग हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभर माईक न सोडणारे ते कोण?

वक्ते.

घोळ शब्दापासूनच आहे. आपल्याकडे कोचिंग म्हणजे ‘नीट’ परीक्षेचा क्लास. मुळात कोच म्हणजे घोडागाडी. हंगेरीतल्या कोच नावाच्या खेड्यावरून हा शब्द आला. आणि कुठे जायचं हे गाडीत बसलेला सांगतो, गाडीवान नाही.

शेतकऱ्याला विचारा, किलोमागे खर्च किती? आकडा येईल. त्यात घरच्यांची मजुरी धरली का? आता तो थांबेल. थांबू द्या. घाईने सल्ला दिलात की हिशेब तुमचा झाला, त्याचा राहिला नाही.

आणि ऐकलेलं पोटात ठेवा. कुणाचं सोसायटीचं कर्ज थकलं हे संध्याकाळी पारावर पोचलं, तर उद्या तुम्हाला खरं कोण सांगेल?

ब्राह्मणपुरीच्याच शहादा तालुक्यात असं ऐकणं घडून गेलंय. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराज तिच्या लढ्याचे आदिवासी नेते. लढ्याचा विषय जमिनीचा आणि मजुरीचा. पण संघटनेच्या शिबिरात बायका बोलल्या त्या दारूवर, नवऱ्याच्या मारावर. तो विषय कुणी बाजूला सारला नाही. बायका उठल्या, गुत्त्यांवर गेल्या, दारूची मडकी फोडली.

कुठल्या वक्त्याने ‘तुम्ही करू शकता’ असं ओरडून सांगितलं नव्हतं.

म्हणूनच ‘आधी मानसिकता बदला’ हे पालुपद ऐकलं की डोकं उठतं. पपईच्या दरावरून शहाद्यात शेतकरी आणि व्यापाऱ्यांचं वाजतं, बाजार समितीत बैठका होतात. तो दर एकट्याच्या आत्मविश्वासाने वाढतो? शिबिरातल्या बायकांनी स्वतःच्या मनात खोट शोधली नाही, गुत्ता शोधला. चांगला कोच विचारेल, दराच्या बैठकीला तुझ्यासोबत कोण येणार?

तेव्हा पहिल्या भेटीला घड्याळ समोर ठेवा. तासातली चाळीस मिनिटं कोचच बोलला, तर दुसरी भेट ठरवू नका.