स्पीकरची पत्रिका कशी जुळवावी

हाय-फाय घरी आणायचं ठरलं की पहिली खरेदी केबलची करावी. ॲम्प्लिफायर नंतर, स्पीकर त्याच्याही नंतर, आणि पैसे उरलेच तर गाणी. केबल धामणीएवढी जाड, विणलेल्या कव्हरची, शक्यतो निळी असावी. तिच्यावर बाण छापलेला असतो. तो स्पीकरकडे तोंड करून ठेवावा. आतला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, हे त्या बाणाला कळू देऊ नये.

नाशिकात एम. जी. रोडकडे जाताना वाटेत इलेक्ट्रिकचं दुकान लागलं तर मान खाली घालून पुढे जावं. तिथे तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर मिळते. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध भरतो ०.०७ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. पण असली वायर लावल्यावर पाहुण्यांना दाखवायचं काय?

आता पत्रिका. स्पीकरच्या पाठीवर ८ किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं. ४ ओहमचा म्हणजे मंगळाचा: तेवढ्याच व्होल्टेजला तो ॲम्पकडून दुप्पट करंट ओढतो. ॲम्पवर ‘किमान ८ ओहम’ असेल तर हे स्थळ नाकारावं. ८ ओहमचे दोन सालस स्पीकर एकाच टर्मिनलला समांतर जोडले तरी मिळून ४ च होतात, आणि मंगळ घरातच तयार होतो. मग ॲम्प तापतो. याची शांत त्र्यंबकेश्वरलाही होत नाही.

वॉट बघावेत ते पीएमपीओचेच. सहा सेलवर चालणाऱ्या टू-इन-वनवरसुद्धा एके काळी ते शेकड्यांनी छापलेले असत. आरएमएसचा आकडा खरा असतो, म्हणून लहान असतो. ८७ डेसिबलचा स्पीकर एका वॉटवर, एका मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो. शेजारच्या काकूंना बेल वाजवायला तेवढा पुरे. पुढे दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट. पन्नासचे शंभर वॉट केले तर आवाज जेमतेम चढतो, आणि गणपतीत खालून नाशिक ढोल गेला की तेही शंभर वॉट गप्प बसतात.

खोलीचा विचार मुळीच करू नये. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असल्या की टाळी वाजवावी आणि ती परत येईपर्यंत थांबावं. जाड सतरंजी अंथरली तर केबलपेक्षा जास्त फरक पडतो, पण सतरंजीवर बाण नसतो.

चाचणीला गाणं नाशिकचंच घ्यावं. द. वि. पलुसकरांचा जन्म इथला, १९२१ सालचा. ‘बैजू बावरा’मधली (१९५२) त्यांची अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी मी नव्या केबलवर लावली आणि एका मित्राला बोलावलं. डोळे मिटून तो म्हणाला, “खाँसाहेब डावीकडे, पलुसकर उजवीकडे. मागे अख्खा दरबार भरलाय बघ!” मीही मान डोलावली. मुद्रण मोनो आहे. पलुसकर १९५५ मध्ये गेले, स्टिरिओच्या तबकड्या त्यानंतर बाजारात आल्या. दोन्ही स्पीकरमधून येत होतं ते एकच.

मग दरबार कुठून आला? रात्री मागे बॅटरी धरून पाहिलं, तर एका स्पीकरला लाल-काळं उलटं लागलेलं. एक पडदा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. खर्ज दोघांनी मिळून गिळला होता आणि उरलेला आवाज खोलीभर भरकटत होता. (ॲम्पपासून सुटी केलेली वायर दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवावी. लाल टोक सेलच्या धन बाजूला असताना पडदा बाहेर आला तर जोडणी सरळ.) दुसऱ्या दिवशी सरळ जोडून ऐकवलं, तर मित्र म्हणाला, “कालची मजा नाही रे.”

ती निळी केबल आता विकणे आहे. निम्मी किंमत. फरक आधी ऐकून मगच न्यावी. मात्र केबल बदलताना डोळ्यांवर रुमाल बांधावा लागेल. रुमाल माझ्याकडे आहे.