कंडी आणि कात्रण
८ सप्टेंबर २००२. इराक अणुबॉम्बसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या जमवतोय, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर. सांगणारे अमेरिकी सरकारातलेच; नावं अर्थात नाहीत. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर त्याच बातमीचा हवाला देऊन मोकळे! कंडीही आपणच पिकवायची, कात्रणही आपणच दाखवायचं.

पुढे चर्चा रंगल्या. स्टुडिओत निवृत्त जनरलसाहेब. त्यातल्या अनेकांचे शस्त्रकंपन्यांशी लागेबांधे, आणि मुद्दे पुरवायला पेंटागॉन. (तटस्थ विश्लेषक म्हणतात ते हेच.) मार्च २००३ मध्ये युद्ध पेटलं, बगदाद पडलं, अण्वस्त्रांचा मात्र मागमूस नाही. २६ मे २००४ रोजी ‘टाइम्स’च्या संपादकांनी आपलं वार्तांकन कमी पडल्याचं कबूल केलं. छापलंही लगेच, पान दहावर.