अरबी समुद्रास: नव्या हंगामाच्या कागदपत्रांबाबत

प्रति,
अरबी समुद्र,
मुक्काम झाई ते रेडी.

विषय: 1 ऑगस्टपासून समुद्रात येऊ इच्छिणाऱ्या यांत्रिक मासेमारी नौकांच्या कागदपत्रांची माहिती देणेबाबत.

महोदय,

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. या दिवसांत माशांची वीण होते आणि समुद्र खवळलेला असतो, ही त्याची दोन कारणे. दुसऱ्या कारणाबाबत समुद्राचा लेखी खुलासा अद्याप अप्राप्त आहे. कोळीवाड्यात हंगाम नारळी पौर्णिमेला नारळ वाहून उघडतो, आणि अधिक मास आला की ही तिथी ऑगस्टअखेरीपर्यंतही सरकते. काही मच्छीमार संघटना बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा म्हणतात. नौकेच्या कागदपत्रांची फाइल मात्र 1 ऑगस्ट ही एकच तारीख ओळखते, आणि त्या तारखेआधीच्या दोन महिन्यांत, म्हणजे नौका किनाऱ्यावर शाकारलेली, इंजिन उघडलेले आणि खलाशी गावी गेलेले असताना, तिला पूर्ण व्हायचे असते.

नौका लाकडातून किंवा फायबरमधून जन्मते असा समुद्राचा समज असल्यास तो दुरुस्त करून घ्यावा. ती जन्मते बांधणीच्या परवानगीतून. मग लांबी, रुंदी, खोली, इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती यांची मोजदाद होते, माहिती ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीवर चढते आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडून नोंदणी क्रमांक मिळतो. आधी देशाची अक्षरे, मग राज्याची, मग बंदराचा वा जिल्ह्याचा संकेत, नौकेचा प्रकार आणि शेवटी तिचा स्वतःचा आकडा. पावसाळ्यात इंजिन बदलले तर प्रमाणपत्रावरही ते बदलावे लागते. अन्यथा नौका नव्या इंजिनावर चालते आणि कागद जुन्यावर. मालक वारला तर वारसांची नावे लागेपर्यंत नौका कायद्याच्या दृष्टीने सुतकात असते. क्रमांक नौकेच्या दोन्ही अंगांना ठळक रंगवायचा असतो. तो पुसट दिसला की गस्तीवाले हटकतात. रंग खाणाऱ्या खाऱ्या पाण्याला या प्रकरणात पक्षकार केलेले नाही.

ओळख पटवण्याचा हा आग्रह एका रात्रीने वाढवला. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली आणि 26 तारखेला रात्री ते रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. तेथे त्यांना हटकले ते मच्छीमारांनीच. त्यानंतर नोंदणी कडक झाली, नौकांना राज्यवार रंग ठरले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली आणि बंदरावर ये-जा नोंदवली जाऊ लागली. यातले काहीही अनाठायी म्हणता येणार नाही. फक्त त्या रात्री डोळे उघडे ठेवणारे जे होते, कागद जमवण्याचे काम तेव्हापासून मुख्यतः त्यांच्याच वाट्याला आले आहे.

नोंदणीने नौका अस्तित्वात येते, मासे मात्र परवान्यानेच पकडता येतात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्यातला दंड लाखांत गेला. परवान्यावर जाळे लिहिलेले असते: डोल, गिलनेट, ट्रॉल की पर्ससीन. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत चालतो. त्यापलीकडे केंद्राचे क्षेत्र लागते आणि तेथे जाणाऱ्या यांत्रिक नौकांसाठी 2025 च्या नियमांनी वेगळे प्रवेशपत्र आणले आहे. ही रेषा पाण्यावर दिसेल अशी आखून देणे समुद्राला सोयीचे होईल काय, याचा विचार व्हावा. बांगड्यांचा थवा ती पाळत असल्याचे आढळलेले नाही.

खलाशांची यादी हा फाइलचा सर्वांत अस्थिर भाग. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळी खलाशी बरेच असतात, इतरत्र कर्नाटकातले आणि उत्तरेतले. ते जुलैअखेर परततात, काही परततच नाहीत आणि काही ऐनवेळी शेजारच्या नाखव्याकडे जातात. नेपाळमधून येणाऱ्याकडे बहुधा आधार नसते, मग त्याचे तिथले नागरिकत्व प्रमाणपत्र दाखवावे लागते. या अदलाबदलीमुळे 25 जुलैला केलेली यादी 1 ऑगस्टला साहित्य म्हणून वाचनीय, पुरावा म्हणून संशयास्पद ठरू शकते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विमा मृत्यूस 5 लाख रुपये देतो, तो नोंदलेल्या माणसालाच. ऐनवेळच्या बदलीचे खरे मोल इथे कळते.

डिझेलच्या करपरताव्याविषयी थोडक्यात: तो सहकारी संस्थेमार्फत मिळतो, उशिरा मिळतो आणि वरचे सगळे कागद पुन्हा मागतो.

समुद्राचा थेट संबंध येतो तो सुरक्षा साधनांशी, आणि यादीतला हाच भाग सर्वांत लहान आहे. माणशी एक लाइफ जॅकेट, तरंगती कडी, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, व्हीएचएफ वायरलेस आणि त्यावरचे 16 क्रमांकाचे संकटकालीन चॅनेल. तपासणीत जॅकेटे मोजली जातात, घातली जात नाहीत. जाड फोमचे जॅकेट अंगावर असताना जाळे ओढणे अवघड, उन्हात ते असह्य आणि त्याचे पट्टे दोरांत अडकतात. म्हणून ती केबिनमध्ये, फळीखाली, बहुधा वेष्टनासकट राहतात. एकाच संचावर एकाच दिवशी दोन नौकांची तपासणी उरकल्याच्या कथा प्रत्येक बंदरात दुसऱ्या बंदराबद्दल सांगितल्या जातात. पातळ, काम करताना घालता येईल असे जॅकेट दिले, तर ही मोजणी अर्थपूर्ण होईल.

जॅकेटांचा प्रश्न मासेमारी नौकांपुरताच नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यात 15 माणसे गेली. परवान्यात 84 प्रवासी आणि 6 कर्मचारी होते, प्रत्यक्षात शंभराहून अधिक जण बोटीवर होते. प्रवाशांना जॅकेट घालण्याची सक्ती त्यानंतर झाली.

यंत्रांची बाजू अलीकडे सुधारली आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे देशभरातील एक लाख नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. मोबाइलची रेंज संपते तिथूनही त्यावर संकटाचा संदेश पाठवता येतो आणि हवामानाचा इशारा मिळतो. त्याचा क्रमांकही फाइलीत नोंदवायचा असतो. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन दूरध्वनी क्रमांक नौका चालवणाऱ्या तांडेलाला पाठ असावेत. त्यांना मात्र रेंज लागते.

मूळ कागद नौकेवर असावेत, अशी गस्ती पथकांची अपेक्षा असते. ते भिजू नयेत म्हणून मालक त्यांना घरी, कपाटात ठेवतो आणि नौकेवर झेरॉक्स पाठवतो. झेरॉक्सची शाई ओलाव्याने उतरली, की अडवलेली नौका बंदरावर येते, मूळ प्रत घरून मागवली जाते आणि बर्फातले मासे तोवर वाट पाहतात. लॅमिनेट केल्यास पुढची नोंद कोठे करायची हा प्रश्न उरतो. सबब समुद्राने वरील बाबींची नोंद घेऊन, तपासणीच्या वेळी तरी, कागदांवर लाट येऊ देऊ नये.

आपला विश्वासू,
नौकामालकाकरिता

सोबत: स्वसाक्षांकित प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत.