आसरा पूल ते यवतेश्वर

सोलापुरात चढ मिळत नाही. कडक भाकरी मिळते, शेंगाची चटणी मिळते, चादर मिळते, मे महिन्यात त्रेचाळीस अंशांचं ऊन तर फुकटात मिळतं. पण पायाला जरा ओढ बसेल असा चढ हवा असेल तर गावभर हिंडावं लागतं. माझं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हातात मोबाइल, बँकेत थोडे पैसे आणि दुपारी थोडी झोप असली की तो काय करील ते सांगता येत नाही. मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरला.

हापिसात शेजारच्या टेबलावरचा मित्र ऐकतच राहिला. म्हणाला, “तू? घाटात? बे, तू पार्क चौकातून सिद्धेश्वराच्या देवळाला जायला रिक्षा करतोस!”

आता, जन्म खातेवह्यांत गेलेल्या माणसाला ही शर्यत फसवी वाटण्याचं कारण नव्हतं. एकवीस किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. त्यातलं निम्मं अंतर साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जायचं आणि उरलेलं निम्मं त्याच रस्त्यानं खाली यायचं. जितका चढ, तितकाच उतार. जमा तेवढी नावे, शिल्लक शून्य. म्हणजे हिशेबानं ही सपाट शर्यतच झाली, आणि सपाटीवर तर आम्ही जन्मलो. शिवाय 2012 पासून ही शर्यत चालू आहे, 2015 साली एकाच डोंगरावर अडीच हजारांहून जास्त माणसं धावल्याचा गिनेस विक्रमही तिच्या नावावर लागला. एवढ्या लोकांना जमलं ते मला का जमू नये?

सरावाला अखेर आसरा पूल सापडला. रेल्वेवरून जातो म्हणून तो नाइलाजानं वर चढतो, एरवी सोलापूरनं त्यालाही उठू दिलं नसतं. पहाटे मी या टोकाकडून पळत वर जायचो, त्या टोकाला उतरायचो, वळायचो, पुन्हा वर. काही दिवसांनी स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याला राहवेना. त्यानं रिक्षा माझ्या बरोबरीनं हळूहळू चालवत विचारलं, “काका, काय हरवलंय का? मी पण बघू का?”

साताऱ्याला एसटीनं निघालो. पंढरपूर मागं पडलं, म्हसवड आलं, आणि तो माणदेशाचा उघडाबोडका माळ सुरू झाला तशी मला स्फूर्ती चढली. बायकोला म्हटलं, याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. बेळगावकडचे चौगुले तर 1920 सालीच अँटवर्पला ऑलिंपिक मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते. म्हणजे आपल्या मातीतच ते आहे.

“मातीत असेल,” बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पण तुम्ही खुर्चीत वाढलात.”

शर्यतीच्या आदल्या रात्री शरीरात कार्बोहायड्रेट साठवावं असं मी वाचलं होतं. साठवण म्हटली की आमच्या घरी शेंगापोळीचा डबा निघतो. शेंगदाण्यात कार्बोहायड्रेटपेक्षा तेलच जास्त, हा तपशील पोटानं मला रात्री दोन वाजता कळवला, पुन्हा साडेतीनला कळवला, आणि पहाटे सगळे धावपटू हातपाय मोकळे करत होते तेव्हा मी फिरत्या शौचालयाच्या रांगेत पुढच्या गृहस्थांना अत्यंत नम्रपणे नंबर मागत होतो.

सुरुवात मात्र झोकात झाली. साताऱ्याची माणसं दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, ढोल वाजत होते, पोरं हात पुढं करत होती. या भरात मी शहरातच इतका पळालो की घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा माझ्याकडे घाटासाठी काही उरलंच नव्हतं. पहिल्याच वळणावर आसरा पूल संपला. रस्ता संपला नाही.

आणि मग ढग आला. सोलापुरात चष्म्यावर धूळ बसते, ती पुसता येते. ढग पुसता येत नाही. काचा आतून धुरकट, बाहेरून थेंब. बनियननं पुसाव्यात तर बनियन आधीच चिंब, त्यामुळे पाणी फक्त या काचेवरून त्या काचेवर जायचं. चष्मा काढला तर अजिंक्यतारा, दरी, करवीची झुडपं, कडेची पिवळी सोनकी का काय ती, सगळ्याचं मिळून एकच हिरवं पातळ पिठलं झालेलं. ज्या निसर्गासाठी आलो त्याच्या मधोमध मी होतो, फक्त तो दिसत नव्हता. तशात कडेला कुणीतरी हातात पेला धरून उभं दिसलं. पाण्याचं टेबल आलं असं समजून मी पळता पळता पेला उचलला आणि घोटात संपवला. तो त्या गृहस्थांचा स्वतःचा चहा होता. ते काही बोलले नाहीत. साखर बेताची होती.

अजून मी निम्म्या चढावरही नव्हतो तेव्हा समोरून पहिले आलेले धावपटू उताराला लागून सुसाट खाली निघाले. मी अदबीनं बाजूला झालो आणि टाळ्या वाजवू लागलो. टाळ्या वाजवायला थांबावं लागतं, ही त्यातली खरी सोय. मग दुसऱ्यासाठी थांबलो, तिसऱ्यासाठी थांबलो, पुढं पुढं तर चालत येणाऱ्या जोडप्यांसाठीही थांबू लागलो. टाळ्या संपल्या तेव्हा रस्त्यावर मी होतो आणि माझ्या मागं पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत येणारी एक ॲम्ब्युलन्स.

“काका, बसताय का?” ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

“नाही. ठीक आहे मी.”

थोड्या वेळानं पुन्हा: “बसा की. गार लागंल.”

“नको, नको.”

तिसऱ्या वेळी त्याचा आवाज अगदी काकुळतीला आला होता. “मग जरा पळा तरी, काका. क्लच जळतोय.”

त्याच्या क्लचसाठी मी परतीच्या वळणापर्यंत पोचलो, आणि तिथून उतार लागला. जमाखर्च जुळण्याची वेळ. पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ब्रेक लावत असतो, ताणलेला असतानाच आवळत असतो, त्यानं त्याचे धागे बारीक बारीक उसवतात आणि ते सगळं दुखणं एक-दोन दिवसांनी वसूल होतं, हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. त्या दिवशी मेडल मिळालं, कंदी पेढे घेतले, एसटीत झोपलो. व्याज सोलापुरात लागलं. जिना चढता येत होता, उतरता मात्र येईना. शेवटी कठडा धरून मी पाठमोरा उतरू लागलो. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या, एक पाठ पायरी पायरीनं आपल्याकडे येते आहे हे त्यांनी पाहिलं आणि दार लावून घेतलं. “अहो, निदान ते मेडल तरी काढा गळ्यातलं,” बायको वरून म्हणाली.

आईला भेटायला गेलो तर शर्यतीत छातीवर लावलेला तो नंबराचा कागद तिनं आधी मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. आकडा चार हजारांच्या घरातला.

“इतकावा आलास?”

हा धावपटूचा नंबर, आलेला नव्हे, हे मी सांगणार होतो. पण खरा क्रमांक याहून फार वेगळा आहे अशी खात्री देता येईना, तेव्हा गप्प बसलो.

“असू दे,” आई म्हणाली. “तुझ्या मागंही कुणी होतं की नाही?”

“होतं ना,” मी म्हणालो. “ॲम्ब्युलन्स.”